जुळे सोलापुरात वरचा मजला भाड्याने द्यायचाय : करार, मीटर, पाणी, डिपॉझिट (अनुभवी घरमालकांनी आणि भाडेकरूंनीही सांगावं)

वरचा_मजला · १८ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. जुळे सोलापुरात आमचं घर आहे. खाली तीन खोल्या, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि बाहेरून जिना. वडील शिक्षक होते. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी वरचा मजला चढवला, तो त्यांच्यामागं आईला दरमहा काहीतरी येत राहावं म्हणून. तीन वर्षांपूर्वी ते गेले. आई एकटी खाली राहते, मी लग्नानंतर अक्कलकोट रोडला, भाऊ पुण्यात.

मागच्या भाडेकरूंच्या वेळी शंभराच्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार केला आणि नोटरी केली. कुटुंब चांगलं वाटलं. सात महिने भाडं वेळेवर आलं. मग "पुढच्या महिन्यात देतो काकू" सुरू झालं. करार संपला तरी माणसं हलेनात. गुडघे दुखत असताना आई जिना चढून भाडं मागायला जायची आणि खाली येऊन तिलाच अपराधी वाटायचं, की आपण त्यांच्या जेवायच्या वेळेला गेलो. एका सकाळी ती सिद्धेश्वराला गेली होती तेवढ्यात टेम्पो लावून ते निघून गेले. मागे सात महिन्यांचं थकलेलं भाडं, ११,४०० रुपयांचं लाइट बिल आणि स्वयंपाकघरात मुळासकट उपटलेला नळ. डिपॉझिट फक्त १५,००० होतं.

आठ महिने मजला बंद आहे. आई म्हणते, "राहू दे रिकामा, तो ताप नको." पण तिची फॅमिली पेन्शन औषधात आणि घरखर्चात संपते. जूनच्या आत कुणीतरी यायलाच हवं.

म्हणून विचारते. नोटरी पुरते की नोंदणीच हवी? घर अजून वडिलांच्याच नावावर आहे, मग सही कुणी करायची? मीटर एकच आहे. पाण्याचं तर तुम्हाला माहीतच आहे. आणि बारा वर्षं राहिला की भाडेकरू मालक होतो, हे खरं का? आईला रात्री झोप लागत नाही त्यामागं हेच एक कारण आहे.

---

कोर्टाची_पायरी · १८ मार्च, रात्री ११.१५

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो म्हणजे आई आज झोपतील. नाही, होत नाही. तुमच्या परवानगीने आत आलेला माणूस भाडेकरू म्हणून बारा काय, तीस वर्षं राहिला तरी मालक होत नाही. बारा वर्षांचा नियम मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे कब्जा धरून बसलेल्यासाठी आहे. भाडं देणारा किंवा करारावर सही केलेला माणूस त्यात बसत नाही. आणि करार हाच त्याचा पुरावा.

आता नोटरीचं. आपल्याकडे निम्मी भांडणं इथूनच जन्माला येतात. "११ महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही" हे वाक्य लोक देशभर लागू असलेल्या नोंदणी कायद्यावरून उचलतात. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरलेल्या मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी) करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत ११ महिने असो की ११ दिवस. नोंदवायची जबाबदारी घरमालकावर. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहून मोठा तोटा वेगळा आहे. अटींवरून वाद झाला की उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. नोटरी फक्त सही कुणाची एवढं सांगते.

नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्सचा खरा जोर कलम २४ मध्ये आहे. मुदत संपूनही राहायला घेतलेली जागा सोडली नाही, तर दिवाणी दाव्यात वर्षं घालवायची गरज नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. समोरच्याला बचाव करायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत परवानगी मागावी लागते. आणि मुदत संपल्यापासून जागा सोडेपर्यंत ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई. तुमच्या मागच्या भाडेकरूला मुदतीनंतर महिन्याला दुप्पट भरायला लागणार हे माहीत असतं, तर तो तसा बसून राहिला असता का?

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. समजा भाडं ९,०००, मुदत २४ महिने, डिपॉझिट ३०,०००. एकूण भाडं २,१६,०००, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून दोन वर्षांचे ६,०००, बेरीज २,२२,०००. त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक म्हणजे ५५५ रुपये. शहरात नोंदणी फी १,०००. करून देणाऱ्याची मजुरी वेगळी. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, माणूस मशीन घेऊन घरी येतो. आईंना कुठं जायला नको.

दुकानगाळेवाल्यांसाठी एक सूचना : कलम २४ फक्त राहायच्या जागेला आहे. गाळा दिला असेल तर हा जवळचा रस्ता मिळत नाही, तिथं करार आणखी जपून करा.

---

पेठेतला_वाडा · १९ मार्च, सकाळी ७.०५

वकीलसाहेबांनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. मी दुसऱ्या टोकावरून बोलतो.

बाळीवेशीजवळ आमचा आजोबांच्या वेळचा वाडा. चार भाडेकरू, सगळे १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याच्या काळातले, लेखी काही नाही. २००० साली एकाचं भाडं महिना ६० रुपये होतं. नवीन कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. त्या वर्षी ४ टक्के म्हणजे २ रुपये ४० पैसे. दरवर्षी न चुकता वाढवत आज १६० रुपयांच्या आसपास पोचलोय. माळवदाला पावसाळ्याआधी माती घालायची मजुरीच त्याच्या कितीतरी पट होते.

तरी मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या आजोबांनी त्या वेळच्या मानाने बाजारभावानेच भाडं दिलं होतं. आमच्या घरातली लग्नं त्यांनी उभं राहून पार पाडली, माझ्या आईला खांदा दिला. पण वाडा पडायला आलाय, दुरुस्तीला ना त्यांच्याकडे पैसे ना माझ्याकडे, आणि दोघंही पावसात रात्री वासे मोजत झोपतो. भाडं थकलं म्हणून दावा करायचा तर आधी नोटीस द्या, ९० दिवस थांबा. दावा लागल्यावर समन्सपासून ९० दिवसांत त्याने बाकी १५ टक्के व्याजासह भरली की दावा जातो. १६० रुपयांचं भाडं कोण थकवणार!

ताई, कागद न करता द्यायची पद्धत आपल्या आजोबांपासून चालत आलीय, म्हणून सांगतो : माणूस कितीही ओळखीचा असो, कागद करा.

---

विजापूर_रोड · १९ मार्च, सकाळी १०.३०

एवढं कायद्यात शिरायची काय गरज? भाडं थकलं की वरच्या मजल्याचा फ्यूज काढायचा, पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा. दोन दिवसांत माणूस आपोआप उठतो. आम्ही तेच केलंय.

---

कोर्टाची_पायरी · १९ मार्च, सकाळी ११.००

दादा, असं करू नका आणि कुणाला सांगूही नका. योग्य कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, लाइट, जिन्याचा दिवा तोडणं हा कलम २९ खाली गुन्हा आहे. कोर्ट आधी ते जोडून द्यायला लावतं, आणि तिथपासून तुमची बाजू पडती होते. भाडं तुमचंच थकलेलं असतं आणि कोर्टात आरोपी म्हणून तुम्ही उभे असता. वर लहान लेकरू असेल तर मे महिन्यात सोलापुरात पंख्याशिवाय दोन दिवस म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

---

विजापूर_रोड · १९ मार्च, दुपारी १.२०

गुन्हा होतो हे माहीत नव्हतं. त्या वेळी त्यांच्या घरात म्हातारी होती. आता वाचून बरं वाटत नाहीये. माझा सल्ला मागे घेतो.

---

लूमवाला · १९ मार्च, संध्याकाळी ६.४५

ताई, लाइटचं आणि पाण्याचं मी सांगतो. आमचे माग होते पूर्व भागात. धंदा बसला तसे माग भंगारात घातले आणि शेडच्या जागी सहा खोल्या काढल्या. आता त्याच्यावरच घर चालतं. त्यामुळं ह्यातलं सगळं भोगून झालंय.

मीटर पहिलं वेगळं घ्या. कारण हिशोबाचं हाय बघा. महावितरणचे दर टप्प्यानं चढतात, १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, पुढं आणखी. दोन घरं एका मीटरवर असली की दोघांचे युनिट एकावर एक चढून सगळे महागड्या टप्प्यात जातात. तुमच्या आईचे महिन्याचे ७०-८० युनिट असतील, ते भाडेकरूच्या कूलरसोबत वरच्या दरात मोजले जातात. मग आई म्हणते तू जास्त वापरलं, तो म्हणतो काकू तुमचा पंप चालतो. कुणीच खोटं बोलत नसतं. वर वेगळं स्वयंपाकघर आणि वेगळा जिना हाय म्हणल्यावर अर्ज करायला हरकत नाही. तोपर्यंत सबमीटर लावा आणि एक तारखेला दोघांनी मिळून रीडिंग घ्या, मोबाइलवर फोटो काढा. बिल येईल त्याच्यातलाच वाटा घ्यायचा, त्याच्यावर रुपया चढवायचा नाही.

आणि बिल तुमच्या नावावर असतंय, त्यामुळं थकलं की भरावं तुम्हालाच लागतंय. दोन बिलं थकेपर्यंत थांबू नका.

पाणी. बाहेरच्या माणसाला कळत नाही, उजनी भरून वाहत असली तरी आपल्या नळाला चार दिवसांनी म्हणता म्हणता पाचव्या दिवशी पाणी, तेही कधी पहाटे तीनला. भाडेकरू बाहेरगावचा असला तर पहिल्याच आठवड्यात भांडण. त्याला वाटतं मालक पाणी सोडत नाही. मी खोली दाखवतानाच सांगतो : हौद एवढा, वरची टाकी एवढी, तुमच्या वाट्याला एवढं, पाणी सुटलं की मोटर कुणी लावायची, आणि टँकर मागवला तर पैसे कसे वाटायचे. हे करारात लिहितो. माझ्या सहा खोल्यांत दोन बिऱ्हाडं तेलुगू, एक कानडी, पण पाण्याची अट तिघांना आधी समजावली की भांडण होत नाही.

तुमच्याकडं हौद एकच असला तरी वरची टाकी वेगळी ठेवा. आईच्या टाकीतनं त्यांना आणि त्यांच्या टाकीतनं आईला पाणी जाता कामा नये. प्लंबरला पाचशे-हजार जास्त जातात, जाऊ द्या.

---

भाड्यानं_राहतो · २० मार्च, रात्री १०.१०

मी भाडेकरू आहे. सोलापुरात नऊ वर्षांत चौथं घर. आमची बाजू इथं मांडली तर चालेल ना?

ताईंच्या आईला जो त्रास झाला तो वाचून वाईट वाटलं. असे लोक आम्हालाही नडतात, कारण त्यांच्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाकडे मालक संशयाने बघतो.

होटगी रोडला एका घरात चार वर्षं राहिलो. एक दिवस भाडं चुकलं नाही. सोडताना ३०,००० डिपॉझिटमधले १२,००० रंगाचे कापले. चार वर्षांत भिंतीचा रंग उतरणारच, मी नसतो तरी उतरला असता. नुकसान वेगळं आणि वापराने होणारी झीज वेगळी, हे कुठं लिहिलेलं नव्हतं म्हणून मी हरलो. बायकोच्या बाळंतपणाचे पैसे होते ते. शिवाय दरमहा रोख घ्यायचे आणि पावती मागितली की "विश्वास नाही का?" कायद्याप्रमाणे पावती देणं मालकाला बंधनकारक आहे.

छताचंही बोला. वरच्या मजल्यावर मेमध्ये रात्री अकराला स्लॅबला हात लावला तर चटका बसतो. तुम्ही खाली आहात म्हणून कळत नाही. गच्चीला दरवर्षी एप्रिलमध्ये पांढरा थर द्या, भाडेकरू दोन वर्षं जास्त टिकेल.

आणि एक गोष्ट जड मनाने लिहितो. फोनवर आधी आडनाव विचारतात. सांगितलं की "घर कालच गेलं." पाटी मात्र पुढचे दोन महिने तशीच लटकलेली असते. मी ती पाटी रोज ऑफिसला जाताना बघायचो. ताई, तुम्ही भाडेकरू शोधताना त्याची नोकरी बघा, जुन्या मालकाला फोन करा, पगाराची स्लिप मागा. आडनावावरून भाडं बुडत नाही.

---

वरचा_मजला · २० मार्च, रात्री ११.३०

दादा, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. खरं सांगते, माझ्या यादीत पहिला प्रश्न तोच होता, "कुणाला द्यायचं नाही". आईशी बोलले. ती म्हणाली, मागचे तर आपल्याच नात्यातल्या कुणाच्या ओळखीने आले होते.

डिपॉझिटचं झीज आणि नुकसान वेगवेगळं लिहून घेईन. सह्या कुणाच्या हा प्रश्न मात्र राहिलाय.

---

कोर्टाची_पायरी · २१ मार्च, सकाळी ८.५०

हो, राहूनच गेलं. वडिलांच्या नावावरच्या घराचे वारस तुम्ही तिघं : आई, भाऊ, तुम्ही. मृत्युपत्र नसेल तर आधी सिटी सर्व्हेला वारस नोंद करून घ्या, आणि महानगरपालिकेच्या मिळकत कराच्या बिलावरही नाव लावा. भाड्यासाठी नाही तरी कधीतरी हे लागणारच आहे, आणि माणसं गोडीत आहेत तोवर करणं सोपं. तोपर्यंत करार आईंच्या नावाने करा, तुम्ही आणि भाऊ संमतीपत्र द्या. तिघांच्याही सह्या असतील तर आणखी चांगलं. भावाला पुण्याहून यायला नको, तो तिथून अंगठा देऊ शकतो.

मिळकत कराचंही बघून ठेवा. स्वतः राहतो ती जागा आणि भाड्याने दिलेली जागा यांची आकारणी सारखी नसते.

पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायला विसरू नका. आपलं शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहे. माहिती ऑनलाइन भरता येते, नाहीतर जवळच्या ठाण्यात फॉर्म द्या आणि पोच घ्या.

---

पुण्यात_सोलापूरकर · २३ मार्च, दुपारी ४.००

विषय थोडा वेगळा आहे, पण गुंतवणूक म्हणून फ्लॅट घ्यायच्या विचारात असलेले बरेच जण हा धागा वाचत असतील, म्हणून स्वतःचे आकडे ठेवतो.

होटगी रोडला ३८ लाखांचा फ्लॅट घेतला, भाड्यावर हप्ता निघेल या हिशोबाने. भाडं १०,५०० मिळतं, म्हणजे वर्षाला १,२६,०००. त्यातून मेंटेनन्स १८,०००, मिळकत कर ९,०००, आणि भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा जातो ते १०,५००. उरले ८८,५००. ३८ लाखांवर हे सव्वादोन टक्क्यांच्या थोडं वर. बँकेतली साधी मुदत ठेव याच्या दुपटीहून जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही. हप्ता तर भाड्याच्या तिप्पट आहे. फ्लॅटची किंमत वाढेल म्हणावं, तर शेजारच्या विंगमधला फ्लॅट दीड वर्ष विकायला लावलाय.

ताईंचं गणित वेगळं आहे. जागा आपली, बांधकाम कधीच फिटलेलं, मालकीण खालीच राहते. अशा घराने भाडं कमावावं. कर्ज काढून भाड्यासाठी दुसरा फ्लॅट घेणाऱ्या सोलापूरकराला मी तरी कळकळीने नको म्हणेन.

सोसायटीत फ्लॅट असणाऱ्यांसाठी आणखी एक : भाड्याने दिला म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था वाटेल ते जादा पैसे लावू शकत नाही. बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही, २००१ चा शासन निर्णय आहे. माझ्याकडे महिन्याला ५०० मागत होते, निर्णयाची प्रत दिल्यावर बंद झालं.

---

वरचा_मजला · ११ मे, रात्री ९.००

थोडी प्रगती झाली. वारस नोंदीचा अर्ज केला. वेगळ्या मीटरचाही केला. गच्चीला पांढरा थर दिला. दोन दिवसांनी आई स्वतः दुपारी वर जाऊन खोलीत बसून आली, फरक पडलाय म्हणाली.

पाच जण बघून गेले. एक ताई पसंत पडल्या. सिव्हिलमध्ये परिचारिका आहेत, धाराशिवकडच्या, सोबत सातवीतला मुलगा. नवऱ्याची नोकरी बाहेरगावी, तो महिन्यातून दोनदा येईल. त्यांनी स्वतःच आधीच्या घरमालकिणीचा नंबर दिला. मी फोन केला तर त्या बाई वीस मिनिटं त्यांचं कौतुक करत होत्या.

भाडं ८,५०० ठरतंय, डिपॉझिट २५,०००. फक्त एक अडलंय. त्या आईचा पॅन नंबर मागतायत, घरभाडे भत्त्यासाठी. आमच्या शेजारच्या काकांनी आईला घाबरवलंय : "पॅन दिलास की टॅक्सवाले मागे लागतील, नकोच म्हण." आई पुन्हा जागी.

---

हिशोबवही · १२ मे, सकाळी ९.१५

द्या पॅन. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की भत्त्याची सूट घेणाऱ्याला घरमालकाचा पॅन द्यावाच लागतो. तुमचं १,०२,००० होतं. त्या बरोबरच मागतायत.

आणि कराला एवढं घाबरायचं कारण नाही. आकडा मांडून आईंना दाखवा. भाडं १,०२,०००. तुम्ही भरलेला मिळकत कर, समजा ६,०००, वजा, राहिले ९६,०००. त्याच्या ३० टक्के, म्हणजे २८,८००, सरळ वजा मिळतात, दुरुस्तीची एकही पावती लागत नाही. उरले ६७,२००. तेवढंच उत्पन्नात धरलं जातं, आणि तेही खरं तर तीन वारसांत वाटून. आईंची फॅमिली पेन्शन आणि हे मिळून १२ लाखांच्या आसपासही जात नाही, म्हणजे आताच्या नवीन पद्धतीत कर शून्य. एकूण ४ लाखांच्या वर गेलं तर विवरणपत्र मात्र भरा.

पॅन न देण्यासाठी लोक ८,३३३ वर भाडं थांबवतात, रोख घेतात, करार टाळतात. आणि भाडेकरू उठेना की हातात काही नसतं. भाडं बँकेत घ्या. बँकेची नोंद हीच सगळ्यात चांगली पावती.

---

कोर्टाची_पायरी · १२ मे, सकाळी १०.००

हिशोबवहींना दुजोरा. मोबाइलवर फिरतोय तो "नवीन भाडे कायदा, दोनच महिन्यांचं डिपॉझिट" हा मेसेज इतक्यात कुणीतरी टाकेल म्हणून आधीच सांगतो : केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा हा राज्यांसाठी नमुना आहे. आपल्याकडे १९९९ चाच बघायचा. तुमचं २५,००० व्यवस्थित आहे.

किल्ली देताना खोलीखोलीचे फोटो काढा. नळ, पंखे, ट्यूब, गिझर, खिडकीच्या काचा मोजून यादी करा, दोघींनी सही करा. सोडताना तीच यादी पुढे ठेवायची.

---

वरचा_मजला · १६ जून, रात्री ८.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. करार झाला, २४ महिन्यांचा, नोंदलेला. अंगठ्याचं मशीन घेऊन मुलगा घरी आला होता. आईचा अंगठा तीनदा लागेना, भांडी घासून घासून रेषा गेल्यात म्हणाला. चौथ्यांदा लागला. भावाने पुण्यातून दिला. मुद्रांक आणि फी मिळून वकीलसाहेबांच्या हिशोबाच्या जवळपासच गेले, निम्मे त्या ताईंनी दिले.

यादी केली तेव्हा त्यांच्या मुलाने स्वतः मोजून लिहिलं : पंखे ३, नळ ५, आरसा १, आरशाच्या कोपऱ्यात चीर आधीपासून. मला ती चीर माहीतच नव्हती.

मीटर अजून आलं नाही, सबमीटर चालू आहे. पाण्याची अट लूमवाला दादांनी सांगितली तशीच करारात लिहिली. जिन्याखाली कॅलेंडर टांगलंय, पाणी आलं त्या तारखेला गोल करायचा. मोटरचं बटण आता जिन्यातच घेतलंय, म्हणजे खालून-वरून कुणालाही लावता येतं.

परवा पाणी पहाटे सव्वातीनला सुटलं. त्या ताई रात्रपाळीहून नुकत्याच आल्या होत्या. आईला जाग आली तेव्हा मोटर चालू होती आणि कॅलेंडरवर गोल झालेला होता.

---

लूमवाला · १६ जून, रात्री ९.०५

लई बरं झालं ताई. वरच्या टाकीला व्हॉल्व्ह बसवला का? टाकी भरली की पाणी गच्चीवर सांडतंय, मग स्लॅब मुरतो.

---

वरचा_मजला · १६ जून, रात्री ९.३०

नाही हो दादा, राहिला. किती इंची घेऊ?

---

लूमवाला · १६ जून, रात्री ९.४०

आधी टाकीला येणारा पाइप बघा, त्याच मापाचा फ्लोट व्हॉल्व्ह घ्या. पितळी घ्या, प्लास्टिकचा उन्हानं वर्षात जातो. आणि सांडव्याचा पाइप आईच्या खिडकीसमोर उतरवा, म्हणजे धार दिसली की लगेच कळतं.